ड्राइव्ह बदलली अन् लॅपटॉप उठेना: काय, कोणत्या क्रमानं तपासायचं

परभणीत लॅपटॉप दुरुस्तीचं काम करताना मला ठरलेला एक फोन येतो. "भाऊ, जुनी हार्डडिस्क काढून एसएसडी टाकली, अन् आता लॅपटॉप चालूच होईना गेलाय." मी विचारतो, स्क्रीनवर काय दिसायलंय? उत्तर येतं, "ते नाही बघितलं, पण दोनदा फॉरमॅट मारून पाहिलं."

घोळ इथंच झालेला असतो. माझ्याकडं आलेल्या अशा लॅपटॉपांत नवी एसएसडी खरंच खराब निघाली असं क्वचितच झालं. बायोसचं (चालू करताच सगळ्यात आधी धावणाऱ्या, बोर्डातल्या प्रोग्रामचं) एखादं सेटिंग बदललेलं असतं, बूटच्या (विंडोज सुरू करणाऱ्या) फाइल नव्या ड्राइव्हवर आलेल्या नसतात, नाहीतर कनेक्टर अर्धवट बसलेला असतो. तिन्ही गोष्टी फॉरमॅट न करता नीट होतात. अट एकच: एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक बदलानंतर लॅपटॉप चालू करून बघा. चार गोष्टी एकदम केल्या आणि पाचव्यांदा चालू झाला, तर कशानं झाला ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी पुन्हा तेच चक्र सुरू होतं.

सावध: लॅपटॉप नव्या ड्राइव्हवर आठवडाभर नीट चालेपर्यंत जुनी ड्राइव्ह फॉरमॅट करू नका, विकू नका, कुणाला देऊही नका. तुमचा बॅकअप तीच आहे. चाचणीचं सगळ्यात भरवशाचं साधनही तीच.

टप्पा १ : तयारी, पेचकस हातात घेण्याआधी

एक कागद आणि पेन घ्या. लॅपटॉपचं पूर्ण मॉडेल खालच्या स्टिकरवरून उतरवा. नुसतं 'एचपी पंधरा' लिहून भागत नाही, त्या नावाखाली बरीच वेगवेगळी मॉडेलं येतात. जुन्या आणि नव्या ड्राइव्हचा फोटो काढा, लेबल वाचता येईल असा.

आठ जीबी किंवा मोठा एक पेन ड्राइव्ह लागेल. दुसऱ्या चालू संगणकावर मायक्रोसॉफ्टचं मीडिया क्रिएशन टूल उतरवून त्यावर विंडोजचा इन्स्टॉलर तयार करून ठेवा. पेन ड्राइव्हमधलं आधीचं सगळं पुसलं जातं, लग्नाचे फोटो असतील तर आधी काढून घ्या. हा पेन ड्राइव्ह विंडोज नव्यानं टाकायला नाही, दुरुस्तीची खिडकी उघडायला हवा आहे.

स्क्रूसाठी घरातला मसाल्याचा डबा रिकामा करून घ्या. सात वाट्या, सात जागा: खालच्या झाकणाचे लांब, आखूड, बॅटरीचे, ड्राइव्हच्या पत्र्याचे. ही चैन नाही. लांब स्क्रू आखूडच्या जागी पिळला तर तो वरच्या पत्र्याला फुगवतो, कधी बोर्डात घुसतो.

लाइटचा अंदाज घ्या. गावात सिंगल फेज येते-जाते, व्होल्टेज खालीवर होतं. क्लोन (जुन्या ड्राइव्हची हुबेहूब नक्कल नवीवर उतरवणं) चालू असताना लाइट गेली तर तो क्लोन वाया गेला असं धरा. बॅटरी किमान निम्मी भरलेली असू द्या आणि चार्जर इन्व्हर्टरवर लावा. लॅपटॉपची बॅटरी मेलेली असेल तर क्लोनिंग इन्व्हर्टरशिवाय सुरूच करू नका.

तपासा: बिटलॉकर म्हणजे ड्राइव्हवरचा मजकूर कुलूपबंद (एन्क्रिप्ट) करणारी विंडोजची सोय. तिची रिकव्हरी की तुमच्याकडं आहे का? ४८ अंकी असते. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपांत, होम आवृत्तीतसुद्धा, मायक्रोसॉफ्ट खात्यानं लॉगइन केलं की ड्राइव्ह आपोआप एन्क्रिप्ट होते आणि मालकाला पत्ताही नसतो. की त्या खात्याच्या वेबसाइटवर डिव्हाइसच्या यादीत मिळते. आपल्याकडं एक गोम आहे: लॅपटॉप घेतला त्या दिवशी दुकानातल्या मुलानं स्वतःच्याच ईमेलवर खातं उघडून दिलेलं असतं. मग की त्याच्या खात्यात असते. त्याला आत्ताच फोन लावा. निळ्या पडद्यावर की मागितली गेली की मग शोधाशोध करण्यात रात्र जाते.

टप्पा २ : लॅपटॉप नेमका कुठं थांबतो ते ओळखा

चालू करा आणि फक्त बघा. दिसेल ते कागदावर लिहा.

कंपनीचं नावच येत नाही, पडदा काळा, पंखा फिरतो किंवा तोही नाही: हा बहुधा ड्राइव्हचा प्रश्न नाही. टप्पा ३ कडं जा.

कंपनीचं नाव येतं आणि पुढं 'नो बूटेबल डिव्हाइस', 'बूट डिव्हाइस नॉट फाउंड' असलं काही इंग्रजीत येतं: टप्पा ४ पासून पुढं.

निळ्या पडद्यावर कोड येतो: शून्य, एक्स, सी, मग सहा शून्य आणि शेवटी ई. किंवा सी, चार शून्य, २२५. म्हणजे ड्राइव्ह दिसते आहे, पण बूटची नोंद चुकीच्या जागी बोट दाखवते. थेट टप्पा ७.

विंडोजचं चिन्ह येतं, ठिपके फिरतात आणि मग 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' म्हणून निळा पडदा: टप्पा ५ मधला कंट्रोलरचा भाग आणि टप्पा ८.

बिटलॉकरचा पडदा: टप्पा ६.

आणि सगळ्यात साधी गोष्ट, जी विचारायला मला आता संकोच वाटत नाही: नव्या एसएसडीवर विंडोज टाकलं होतं का? कोरी एसएसडी बसवून लॅपटॉप चालू व्हायची वाट बघणारे दर महिन्याला एक-दोघं तरी भेटतात. विंडोज बोर्डात नसतं, जुन्या ड्राइव्हवर असतं. ती काढली की तेही गेलं. असं असेल तर काहीच बिघडलेलं नाही, थेट टप्पा ९ वर या.

टप्पा ३ : काळा पडदा आणि जुन्या ड्राइव्हची कसोटी

आधी साठलेली वीज काढा. चार्जर काढा, बॅटरी बाहेरून निघत असेल तर काढा, पॉवरचं बटण ३० सेकंद दाबून धरा. मग फक्त चार्जर लावून चालू करा. बरेच काळे पडदे एवढ्यावर जातात.

नाही गेला तर झाकण उघडा. आतली बॅटरी असेल तर तिचा कनेक्टर सगळ्यात आधी काढायचा आणि सगळ्यात शेवटी लावायचा. हिवाळ्यात टेरिकॉटचा शर्ट घालून गादीवर बसून हे काम करू नका. टेबलावर करा, आणि अधूनमधून एखाद्या उघड्या लोखंडी वस्तूला हात लावत चला.

रॅम बाहेर काढून परत बसवा. ड्राइव्ह बदलताना हाताचा धक्का लागून रॅमची पट्टी एका बाजूनं उचललेली असते. दोन्ही बाजूंच्या क्लिप 'टक्' करून बसल्या पाहिजेत. कॅप्स लॉकचा किंवा चार्जिंगचा दिवा ठरावीक वेळा लुकलुकत असेल तर मोजून लिहा. त्या संख्येचा अर्थ कंपनीच्या वेबसाइटवर तुमच्या मॉडेलपुढं दिलेला असतो.

आता कसोटी. नवी ड्राइव्ह काढा, कुठलीच ड्राइव्ह न लावता चालू करा. कंपनीचं नाव येऊन 'ड्राइव्ह नाही' असा निरोप आला, तर बोर्ड, रॅम, पडदा सगळं ठीक आहे. मग जुनी ड्राइव्ह लावून चालू करा. त्यावर विंडोज उघडलं, तर लॅपटॉप शंभर टक्के बरा आहे आणि दोष नव्या ड्राइव्हकडं किंवा तिच्यावर उतरवलेल्या मालाकडं. ही कसोटी दहा मिनिटांची आहे आणि लोक हीच टाळतात. जिंतूरचा एक सेवा केंद्रवाला पीक विम्याच्या मुदतीच्या तोंडावर माझ्याकडं आला. दुसऱ्या शहरातल्या एका दुकानानं त्याला "मदरबोर्ड गेला" सांगून नव्या बोर्डाचा भाव दिला होता. जुनी हार्डडिस्क लावली तसा लॅपटॉप उघडला. हळू, पण उघडला. त्यानं त्या जुन्या डिस्कवरच मुदत काढली आणि एसएसडीचं काम निवांत नंतर केलं. अडचण दिसली की तुम्हीही हेच करू शकता.

सावध: जुनी ड्राइव्हसुद्धा उघडेना गेली, म्हणजे बहुधा काम करताना बायोसचं सेटिंग बदललं आहे. टप्पा ५ आधी जुन्या ड्राइव्हवर करा, नवीवर नंतर.

टप्पा ४ : ड्राइव्ह बायोसला दिसते का

चालू करताच बटण पुन्हा पुन्हा दाबत राहा, एकदाच दाबून बसू नका. डेलला एफ २, लेनोवोला एफ २ किंवा बाजूच्या भोकातलं नोवो बटण, एचपीला एस्केप आणि मग एफ १०, एसरला एफ २, असूसलाही एफ २. वरच्या रांगेतली बटणं आवाज-उजेडाची असतील तर एफएन बटणासकट दाबा.

आत 'इन्फर्मेशन', 'मेन' किंवा 'स्टोरेज' अशा पानावर नव्या ड्राइव्हचं नाव आणि आकार दिसतो का बघा. दिसला तर कागदावर टिक करा आणि टप्पा ५ ला चला. पडदा 'नो बूटेबल' म्हणत असला तरी ड्राइव्ह जिवंत आहे.

नाही दिसला तर बसवण्यातली चूक शोधा. अडीच इंची साटा (लॅपटॉपच्या नेहमीच्या हार्डडिस्कसारख्याच जोडणीच्या) ड्राइव्हमध्ये मी तीन चुका बघतो.

पहिली जाडीची. बऱ्याच जुन्या हार्डडिस्क ९.५ मिलिमीटर जाड असतात, एसएसडी ७. जुन्या डिस्कचा पत्रा किंवा रबर नव्या ड्राइव्हला न लावता तशीच सरकवली, की ती खाली झुकते आणि कनेक्टर अर्धाच लागतो. टेबलावर चालतं, मांडीवर घेतलं की बंद. कागदाच्या घड्या कोंबू नका. पत्रा जुन्या डिस्कवरून काढून नवीला लावा, किंवा एसएसडीसोबत येणारी प्लास्टिकची चौकट वापरा.

दुसरी चपट्या रिबनची. काही मॉडेलांत ड्राइव्ह आणि बोर्ड यांच्यात पातळ रिबन असते आणि बोर्डाकडच्या टोकाला बारीक काळं झाकण असतं. झाकण नखानं उचलायचं, रिबन सरळ सरकवायची, झाकण दाबायचं. न उचलता ओढली की रिबन फाटते, आणि मग तीच मागवायची वेळ येते.

तिसरी चूक सीडी ड्राइव्हच्या जागी बसणाऱ्या कॅडीची. लोक नवी एसएसडी कॅडीत घालतात आणि जुनी हार्डडिस्क मूळ जागी ठेवतात. काही लॅपटॉप त्या जागेवरून बूटच होत नाहीत. उलट करा: एसएसडी मूळ जागी, हार्डडिस्क कॅडीत. तीही एसएसडी नीट बूट झाल्यावरच.

एम.२ पट्टीचं (रॅमसारखी चपटी, थेट बोर्डावर बसणारी एसएसडी) वेगळं आहे. दिसायला सारख्या दोन जाती असतात, साटा आणि एनव्हीएमई. साटाच्या पट्टीला बहुतेक वेळा दोन खाचा, एनव्हीएमईला बहुतेक वेळा एक. बोर्डावरच्या काही स्लॉटांत दोन्ही पट्ट्या बसतात, पण लॅपटॉपला चालते एकच. बसली म्हणजे चालेल असं नाही. मॉडेलच्या माहितीपुस्तिकेत बघा. बऱ्याच जुन्या लॅपटॉपांचं बायोस एनव्हीएमईवरून बूट करायला शिकलेलंच नसतं. तिथं साटाच घ्यावी.

पट्टी तिरकी सरकवून मग खाली दाबायची आणि टोकाला स्क्रू लावायचा. २२४२ म्हणजे ४२ मिलिमीटर लांब, २२८० म्हणजे ८०. आधी आखूड पट्टी असेल तर लांब पट्टीच्या जागी स्क्रूची पितळी नळी नसते. नळी हलवा. एम-सीलनं चिकटवलेली एक पट्टी माझ्याकडं आली होती, ती काढायला पट्टी बदलण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

तपासा: हे सगळं करूनही बायोसला ड्राइव्ह दिसत नाही? ती यूएसबी डबीत घालून दुसऱ्या संगणकाला लावा आणि विंडोजमधलं डिस्क मॅनेजमेंट उघडा. एम.२ साठी डबी त्याच जातीची हवी. तिथंही दिसली नाही, तरच वॉरंटीचा विचार. तिथं दिसली, तर लॅपटॉपच्या स्लॉटचा किंवा पट्टीच्या जातीचा प्रश्न.

टप्पा ५ : बायोसची तीन सेटिंग

ड्राइव्ह बदलायला आतली बॅटरी काढली, की काही लॅपटॉपांचं बायोस कारखान्यातल्या सेटिंगवर परत जातं, विशेषतः आतला बटण-सेल संपलेला असेल तर. म्हणून 'मी बायोसला हातच लावला नव्हता' हे खरं असूनही सेटिंग बदललेलं असतं. घड्याळ बघा. तारीख भलत्याच वर्षाची दाखवत असेल तर तेच झालं आहे. काहीही बदलण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढा.

पहिलं सेटिंग: लेगसी (बूट करायची जुनी पद्धत) की यूईएफआय (नवी). ज्या पद्धतीनं विंडोज टाकलं होतं त्याच पद्धतीनं ते उठतं. जुनी ड्राइव्ह एमबीआर पद्धतीची (ड्राइव्हचे भाग नोंदवायची जुनी रीत) असेल तर तिचा क्लोनही सहसा एमबीआर होतो आणि त्याला लेगसी लागतं. जीपीटी (नवी रीत) असेल तर यूईएफआय. कोणती आहे ते असं कळतं: तयार ठेवलेल्या पेन ड्राइव्हवरून चालू करा (बूटच्या क्रमात तो वर घेऊन), इन्स्टॉलरचा पहिला पडदा आला की शिफ्ट धरून एफ १० दाबा. काळी खिडकी उघडेल. त्यात (इंग्रजी अक्षरांत) 'डिस्कपार्ट' लिहून एंटर, मग 'लिस्ट डिस्क' लिहून एंटर. शेवटच्या जीपीटी रकान्यात तारा असेल तर जीपीटी, नसेल तर एमबीआर.

इथं एक मेख आहे. विंडोज ७ वरून १० वर आणलेल्या जुन्या लॅपटॉपमधली एमबीआर डिस्क एनव्हीएमई पट्टीवर क्लोन केली, तर लेगसीत ती पट्टी सहसा बूटच होत नाही आणि यूईएफआयला एमबीआर चालत नाही. दोन्हीकडून अडकते. उपाय म्हणजे डिस्क जीपीटी करणं. विंडोज १० मध्ये त्यासाठी 'एमबीआर२जीपीटी' नावाची सोय आहे. पेन ड्राइव्हच्या काळ्या खिडकीत ('एक्झिट' लिहून डिस्कपार्टमधून बाहेर येऊन) आधी 'एमबीआर२जीपीटी /व्हॅलिडेट /डिस्क:०' चालवा. होकार आला तर व्हॅलिडेटच्या जागी 'कन्व्हर्ट'. ड्राइव्हवर तीनपेक्षा जास्त प्रायमरी भाग असतील तर ते नकार देतं. नंतर बायोस यूईएफआयवर करा. हे फक्त नव्या ड्राइव्हवर. त्या वेळी जुनी ड्राइव्ह लॅपटॉपच्या बाहेर हवी.

दुसरं सेटिंग: साटाचा कंट्रोलर, म्हणजे बोर्डानं ड्राइव्हशी बोलायची पद्धत: एएचसीआय, आरएसटी किंवा व्हीएमडी. विंडोज कोणत्या कंट्रोलरवर बसवलं होतं त्याचाच ड्रायव्हर ते सुरुवातीला उचलतं. तो बदलला की 'इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस'. नियम सोपा: आधी होतं तेच ठेवा. माहीत नसेल तर एकदा एक, एकदा दुसरं लावून बघा, यापलीकडं जाऊ नका. काही एसर लॅपटॉपांत हे सेटिंग लपवलेलं असतं. मेन पानावर कंट्रोल आणि एस एकत्र दाबलं की दिसतं.

ज्या लॅपटॉपांत हार्डडिस्कसोबत इंटेलची १६ जीबीची ऑप्टेन पट्टी (हार्डडिस्कचा वेग वाढवणारी) होती, त्यांत हार्डडिस्क काढण्याआधी विंडोजमधून ऑप्टेन बंद करावं लागतं. नाहीतर जुन्या डिस्कवरचा माल अर्धवट राहतो आणि क्लोनही अर्धवट. आधीच काढली असेल तर ऑप्टेन पट्टी आणि जुनी डिस्क दोन्ही परत लावा, विंडोज उघडा, ऑप्टेन बंद करा, मग पुढचं.

तिसरं: बूटचा क्रम. यूईएफआयमध्ये यादीत ड्राइव्हच्या नावाऐवजी 'विंडोज बूट मॅनेजर' अशी नोंद लागते. ती वर घ्या. नोंदच नसेल तर ती बहुतेक टप्पा ७ मध्ये आपोआप तयार होईल.

सावध: लेगसी, कंट्रोलर आणि बूटचा क्रम एकाच बैठकीत बदलू नका. एक बदला, सेव्ह करा, चालू करून बघा, कागदावर लिहा.

टप्पा ६ : बिटलॉकरचा पडदा

पडद्यावर की-आयडी दिसतो. त्याचे पहिले आठ अक्षर-अंक आणि खात्यातल्या यादीतला आयडी जुळवा. एकाच खात्यावर तीन-चार लॅपटॉप असले की लोक भलतीच की टाकत बसतात. जुळणारी ४८ अंकी की टाका.

की नसेल तर त्या ड्राइव्हमधला मजकूर कुणीही काढून देऊ शकत नाही. पैसे घेऊन 'अनलॉक करतो' म्हणणाऱ्यापासून लांब राहा. जुनी ड्राइव्ह तिच्या मूळ लॅपटॉपात, मूळ बायोस सेटिंगवर परत लावा. ती कीशिवाय उघडते का बघा, बऱ्याचदा उघडते. उघडली की कंट्रोल पॅनलमधून (होम आवृत्तीत सेटिंग्जमधून) बिटलॉकर बंद करा, डिक्रिप्शन पूर्ण होऊ द्या आणि मगच नव्यानं क्लोन करा.

टप्पा ७ : बूटच्या फाइल परत लिहिणं

हे काम मी फोनवर सांगून खूपदा करून घेतलं आहे, म्हणून फोनवर सांगतो तसंच लिहितो. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत. टाइप करताना इंग्रजी अक्षरं वापरा. प्रत्येक ओळीनंतर एंटर.

लॅपटॉपात फक्त नवी ड्राइव्ह ठेवा. पेन ड्राइव्हवरून चालू करा. बूट मेनूत पेन ड्राइव्ह दोनदा दिसत असेल, तर जीपीटी डिस्कसाठी 'यूईएफआय' लिहिलेली नोंद निवडा. ही चूक फार होते: पेन ड्राइव्ह लेगसीत उघडतात आणि यूईएफआयची डिस्क दुरुस्त करायला बसतात. शिफ्ट आणि एफ १० दाबून काळी खिडकी उघडा.

डिस्कपार्ट
लिस्ट व्हॉल्यूम

यादीत एफएटी३२ लिहिलेला, साधारण १०० ते ३०० एमबीचा लहान भाग शोधा. तो बूटचा भाग. तुमचा पेन ड्राइव्हही एफएटी३२ असतो, पण तो जीबीत दिसतो, गफलत करू नका. मोठ्या एनटीएफएस भागाला कोणतं अक्षर लागलंय तेही लिहून घ्या. इथं विंडोजचा भाग 'सी' असेलच असं नाही, 'डी' किंवा 'ई' असू शकतो. 'एक्स' म्हणजे दुरुस्तीची खिडकी स्वतः, तिला हात लावू नका. समजा लहान भागाचा क्रमांक ३ आहे.

सिलेक्ट व्हॉल्यूम ३
असाइन लेटर=एस
एक्झिट

आता मोठ्या भागात खरंच विंडोज आहे का ते बघा (त्याला वेगळं अक्षर लागलं असेल तर खाली 'सी' च्या जागी तेच लिहा):

डीआयआर सी:

यादीत 'विंडोज' आणि 'यूझर्स' दिसले पाहिजेत. दिसले तर:

बीसीडीबूट सी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय

फाइल यशस्वीपणे तयार झाल्याचा एका ओळीचा निरोप येतो. खिडकी बंद करा, पेन ड्राइव्ह काढा, चालू करा.

लेगसी आणि एमबीआरच्या डिस्कला शेवटच्या आज्ञेत यूईएफआयच्या जागी बायोस, आणि तो लहान सिस्टिम भाग 'ॲक्टिव्ह' केलेला हवा. शिवाय तिथं 'बूटरेक /फिक्सएमबीआर' आणि 'बूटरेक /फिक्सबूट' उपयोगी पडतात. यूईएफआयच्या डिस्कवर मात्र 'फिक्सबूट' अनेकदा 'ॲक्सेस डिनाइड' म्हणतं. व्हिडिओ बघून लोक तीच आज्ञा वीस वेळा मारतात. ती सोडा, बीसीडीबूट वापरा.

लहान भाग यादीत नाहीच? मग क्लोन करताना फक्त 'सी' ओढून आणला आहे. पूर्ण डिस्क पुन्हा क्लोन करणं सोपं. तेवढा वेळ नसेल तर डिस्कपार्टमध्ये विंडोजचा भाग सिलेक्ट करून 'श्रिंक डिझायर्ड=३००', मग 'क्रिएट पार्टिशन ईएफआय साइझ=२६०', मग 'फॉरमॅट क्विक एफएस=एफएटी३२', आणि पुढं असाइनपासून वरचंच. डिस्क जीपीटी असेल तरच हे चालतं.

सावध: डिस्कपार्टमध्ये 'क्लीन' ही आज्ञा लिहू नका. ती 'साफ करू का?' असं विचारत नाही. एंटर दाबताच निवडलेल्या डिस्कची सगळी विभागणी जाते. पेन ड्राइव्ह साफ करायला म्हणून ही आज्ञा मारून पिकांच्या नोंदींची अख्खी डिस्क घालवलेला माणूस मला माहीत आहे.

टप्पा ८ : विंडोज सुरू होऊन निळा पडदा

कंट्रोलरचं सेटिंग आधी होतं तसं करून पाहिलं, तरी निळा पडदा? मग सेफ मोड. ठिपके फिरत असताना दोन-तीनदा पॉवर बटण दाबून बंद करा, दुरुस्तीचा पडदा येतो. ट्रबलशूट, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज, रिस्टार्ट, आणि मग ४. सेफ मोडमध्ये विंडोज साध्या ड्रायव्हरवर उठतं आणि नवी ड्राइव्ह ओळखून घेतं. एकदा उघडलं की नेहमीसारखं रिस्टार्ट करा.

विंडोज ७ असेल तर इथं वेळ घालवू नका. त्याला एनव्हीएमई मुळातून ओळखता येत नाही.

टप्पा ९ : पुन्हा क्लोन, किंवा कोरं विंडोज

पुन्हा क्लोन करायचं ठरलं तर आधी जुनी डिस्क तपासा. क्रिस्टलडिस्कइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये 'करंट पेंडिंग सेक्टर' (वाचताना अडलेल्या जागांची संख्या) शून्याहून जास्त असेल तर क्लोन अडखळणार, आधी महत्त्वाच्या फाइल बाहेर काढा. डिस्क ठीक असेल तर 'सी' ला चेकडिस्क करा, बिटलॉकर बंद करा, शिफ्ट धरून शट डाउन करा म्हणजे विंडोज पूर्ण बंद होईल. क्लोन करताना 'सी' एकटा नको, सगळी डिस्क निवडा. झाल्यावर पहिल्यांदा चालू करताना जुनी ड्राइव्ह बाहेर ठेवा. दोन्ही एकत्र लावल्या तर ओळख एकच असल्यामुळं विंडोज गोंधळतं आणि एकीला ऑफलाइन करतं.

कोरं विंडोज टाकायचं असेल तर इन्स्टॉलरमध्ये ड्राइव्हच न दिसण्याचा प्रकार ११ व्या पिढीच्या आणि पुढच्या इंटेल प्रोसेसरच्या लॅपटॉपांत होतो. ते व्हीएमडीमुळं. कंपनीच्या वेबसाइटवरून तुमच्या मॉडेलचा आरएसटी ड्रायव्हर उतरवून, झिप सोडवून पेन ड्राइव्हवर ठेवा आणि 'लोड ड्रायव्हर' दाबून तो फोल्डर दाखवा. विंडोजची चालना (ॲक्टिव्हेशन) बोर्डाशी जोडलेली असेल तर नव्या ड्राइव्हवर ती इंटरनेट लागताच परत येते. पण सेवा केंद्रवाल्यांनी थंब मशीनचा ड्रायव्हर आणि आरडी सर्व्हिस (ते मशीन आधारशी जोडणारं सॉफ्टवेअर), डीटीपीवाल्यांनी मराठी फॉन्टच्या सॉफ्टवेअरचा लायसन्स आणि दुकानदारांनी टॅलीचा डेटा कुठं आहे ते, हे सगळं आधी कागदावर लिहून ठेवावं. कोरं विंडोज टाकून अर्ध्या तासात लॅपटॉप मिळतो, आणि थंब चालू व्हायला दुसरा दिवस उजाडतो.

चालू झाल्यावर

डिस्क मॅनेजमेंटमध्ये शेवटी 'अनॲलोकेटेड' जागा पडली असेल तर ती 'सी' ला जोडा. मध्ये रिकव्हरीचा भाग अडवा असेल तर विंडोजच्या सोयीनं ती जोडता येत नाही, पार्टिशनचं वेगळं सॉफ्टवेअर लागतं. बिटलॉकर बंद केलं असेल तर परत सुरू करायचं की नाही ते ठरवा, आणि करायचं तर नवी की कागदावर उतरवा. तारीख-वेळ प्रत्येक वेळी मागं जात असेल तर बटण-सेल बदला, नाहीतर टप्पा ५ पुन्हा करावा लागेल.

जुन्या ड्राइव्हवर मार्करनं तारीख लिहा आणि तिला कपाटात ठेवा.

यातलं काहीच जमलं नाही, तर कुठल्याही दुरुस्तीवाल्याकडं जाताना लॅपटॉप, चार्जर, दोन्ही ड्राइव्ह, मसाल्याच्या डब्यातले स्क्रू आणि तो कागद, सगळं सोबत न्या.